दोघांनी टेक्निकल ट्रेल: माउंटन बाइकवर पहिल्यांदा डोंगरात उतरणाऱ्यांसाठी

टेक्निकल ट्रेल म्हणजे फार उंचावरची किंवा फार लांबची वाट असं नाही. जिथे नुसते पाय मारून भागत नाही, दर दहा-पंधरा फुटांवर चाक कुठून न्यायचं ते ठरवावं लागतं, ती वाट टेक्निकल. सुटे दगड, उघडी पडलेली मुळं, दगडी पायऱ्या, घसारा (सुट्या खडीचा निसरता उतार), जागच्या जागी उलटी फिरणारी वळणं, एका अंगाला खोल उतार. रस्त्यावर शंभर किलोमीटर आरामात मारणारा माणूस इथे पाच किलोमीटरांत घामाघूम होतो. त्यात दमछाक निम्मीच. उरलेला निम्मा शीण सतत बघत राहण्याचा आणि ठरवत राहण्याचा असतो.

अशा वाटेवर एकट्याने जाऊ नये, हे सगळेच सांगतात आणि कारण म्हणून अपघात पुढे करतात. ते बरोबरच आहे. पण सोबत्याचा खरा उपयोग पडण्याच्या आधी होतो, असं माझं मत. अवघड तुकड्यापाशी दोघांनी थांबायचं, उतरून बघायचं, एकाने जायचं आणि दुसऱ्याने त्याच्या चाकाकडे लक्ष ठेवायचं. हे न करता एकामागे एक नुसतं पळायचं असेल, तर दोघं जाऊनही फारसं काही साधत नाही. खालचा सगळा क्रम या एका सवयीभोवती लावलेला आहे.

१. वाट ठरवणं

पहिली राइड दोघांतल्या कच्च्या माणसाच्या मापाने ठरवा. प्रत्यक्षात उलटंच होतं. वाट माहीत असलेला मित्र ठरवतो आणि त्याच्या "अरे सोपी आहे, येशील तू" यावर दुसरा विसंबतो. मित्राच्या मनात काही वाईट नसतं. सराव झालेल्या माणसाला त्या वाटेवरच्या अडचणी दिसायच्याच बंद झालेल्या असतात. म्हणून "अवघड आहे का?" हा प्रश्नच विचारू नका. असं विचारा: सगळ्यात वाईट तुकडा कोणता? तो किती लांब? तिथे सायकल हातात धरून चालायला जागा आहे का? आणि अर्ध्यातून मागे फिरता येतं, की एकदा शिरलं की खाली पोहोचल्याशिवाय सुटका नाही? शेवटच्या प्रश्नाला "सुटका नाही" असं उत्तर आलं, तर ती वाट पहिल्या वेळेसाठी नको.

जिथे ट्रेलवर पाट्या लावलेल्या असतात तिथे काम सोपं होतं, फक्त पद्धत समजून घ्या. उत्तर अमेरिकेत स्कीच्या उतारांवरून उचललेल्या खुणा चालतात: हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड, दोन काळे हिरे फार अवघड. ब्रिटनमध्ये हिरवा, निळा, लाल आणि काळा असे चार रंग आहेत. म्हणजे निळ्या आणि काळ्याच्या मध्ये एक जास्तीची पायरी. आल्प्सच्या बाजूला एस० ते एस५ अशी श्रेणी वापरतात. त्यात एस१ वर छोटी मुळं आणि दगड येतात, एस२ वर मोठी मुळं, सुटी जमीन आणि घट्ट वळणं, आणि एस३ पासून मोठे दगड आणि उंच पायऱ्या. नवख्याने निळ्यावर किंवा एस१ वर सुरुवात करावी. श्रेणी साधारण कोरड्या दिवसांची धरलेली असते, तेव्हा पाऊस होऊन गेला असेल तर मनातल्या मनात एक पायरी वाढवा. चिखल झालेल्या वाटेवर तर जाऊच नका. तुम्ही घसराल हे आहेच, शिवाय चाकोऱ्या पडून वाट बिघडते आणि पुढच्या पावसात पाणी त्याच चाकोऱ्यांतून वाहून ती आणखी खचते.

पाट्या नसतील तर वाट आधी पायी चालून या. वेळेचा अंदाज बांधताना रस्त्यावरचा वेग विसरा. तासाला सहा-सात किलोमीटर धरा, थांबे वेगळे, आणि अंधाराच्या दोन तास आधी खाली पोहोचाल असा हिशेब ठेवा.

२. सायकल

फुल सस्पेन्शनच, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी सायकलच, हवी असं काही नाही. हार्डटेलवर, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर, शिकलेल्याला लाइन (चाक न्यायची नेमकी वाट) निवडायची सवय लवकर लागते, कारण चुकीचा दगड थेट कमरेला कळतो. मात्र चांगले डिस्क ब्रेक, काम करणारा फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) आणि २.३ इंच किंवा त्याहून रुंद, रबराच्या उंच गाठींचे टायर एवढं हवंच. पेडल साधी, सपाट, पिना असलेली घ्या. बूट अडकवायची पेडल नंतर कधीतरी.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक पडतो हवेने. रस्त्यावरच्या सवयीने लोक टायर दगडासारखे कडक भरतात आणि मग सायकल खड्यांवर उड्या मारते, पकड राहत नाही. ट्यूबलेस टायर असतील आणि तुमचं वजन सत्तर किलोच्या आसपास असेल तर पुढे २० ते २२ आणि मागे २३ ते २५ पीएसआयपासून सुरुवात करा. ट्यूब असेल तर तीन-चार पीएसआय जास्त ठेवा. नाहीतर दगडाच्या धारेवर ट्यूब रिममध्ये चिमटली जाऊन शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. वजन जास्त असेल तर हवाही थोडी जास्त. पंपावरच्या काट्यांवर फार भरवसा ठेवू नका. प्रत्येक वेळी एकच गेज वापरला म्हणजे झालं.

सस्पेन्शन असेल तर सायकलवर बसल्यावर ते किती दबतं ते बघा. फोर्क त्याच्या एकूण हालचालीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढा, मागचा शॉक चौथ्या हिश्श्यापेक्षा किंचित जास्त. एवढ्यावर पहिली राइड करता येते, बाकीची बटणं फिरवत बसू नका.

ब्रेकचे लीव्हर मात्र वेळ देऊन लावा. एकच बोट, तर्जनी, लीव्हरच्या टोकाच्या बाकावर बसली पाहिजे आणि उरलेली बोटं हँडल धरून राहिली पाहिजेत. त्यासाठी लीव्हर आत सरकवावा लागतो. बहुतेक सायकलींवर तो नको तितका बाहेर असतो, म्हणून दोन-तीन बोटं वापरावी लागतात आणि उतारावर हाताची पकड सुटायला लागते. सायकल मित्राची असेल किंवा वाटेत अदलाबदल करणार असाल, तर पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते सपाटीवरच तपासा. काही देशांत तो उजव्या हाताला असतो, काही ठिकाणी डाव्या. हे उतारावर कळून उपयोग नाही.

निघण्यापूर्वी सायकली एकमेकांच्या तपासा. स्वतःच्या सायकलची खडखड कानाला सवयीची झालेली असते. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून बघा, हलता कामा नये. दोन्ही अॅक्सल घट्ट आहेत ना, ब्रेक पॅडवर मसाला शिल्लक आहे ना, चाक हाताने आडवं हलवल्यावर कटकट येत नाही ना, पाहून घ्या.

३. सोबत काय न्यायचं

दोघांत मिळून एक पंप, एक मल्टीटूल आणि चेन तोडायचं अवजार पुरतं. ट्यूब मात्र प्रत्येकाची आपली. चाकं वेगळ्या मापाची असतील तर अडीनडीला २७.५ इंची ट्यूब २९ इंची टायरात ताणून बसते, पण तो शेवटचा उपाय. चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची सुटी कडी) ११ स्पीडसाठी वेगळी, १२ स्पीडसाठी वेगळी, तेव्हा दोघांच्या सायकली बघून घ्या. ट्यूबलेस असेल तर प्लग, म्हणजे टायरच्या भोकात कोंबायच्या पट्ट्या, ठेवा. टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा एखादा तुकडा ठेवा.

नवखे हमखास विसरतात ते मेक हँगर, म्हणजे मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो तो. तो मुद्दाम मऊ धातूचा करतात, दगडाला आपटला तर फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. बऱ्याच सायकलींचा वेगवेगळा असतो आणि ऐनवेळी सहसा मिळत नाही. हार्डटेलवर हँगर तुटला तर चेन छोटी करून एका गिअरवर घरी येता येतं. फुल सस्पेन्शनवर बहुधा तेही जमत नाही, कारण मागचं चाक दबलं की चेनला लागणारी लांबी बदलते. एक हँगर पिशवीत असला की हा प्रश्नच मिटतो.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हात त्याहून जास्त. दीड तासापेक्षा मोठी राइड असेल तर भूक लागायच्या आधीच थोडं थोडं गोड खात राहा. पोटात काही नसलं की निर्णय आधी चुकायला लागतात, पाय नंतर बोलतात. प्रथमोपचारात जाड पट्टी, चिकटपट्टी, त्रिकोणी कापड आणि तापमान टिकवणारी चंदेरी चादर पुरे. हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि गुडघ्याचे पॅड हे तिन्ही घालाच. कोपराचे पॅड घातले तर उत्तम. घरी कोणालातरी वाट आणि परतायची वेळ सांगून निघा.

४. ट्रेलवर शिरण्याआधी सपाटीवर

पायथ्याशी पंधरा मिनिटं घालवा. आधी उभं राहणं. दोन्ही पेडल एका पातळीत, टाचा किंचित खाली, गुडघे आणि कोपर वाकलेले, कोपरं बाहेरच्या बाजूला, हनुवटी साधारण हँडलच्या वर. सगळं वजन तळपायांवर, हात हलके. बोटं क्षणभर सैल सोडून बघा. तोल गेला नाही तर उभं राहणं बरोबर आहे.

"उतारावर मागे सरक" हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. ढुंगण पार मागच्या चाकावर नेलं की पुढचं चाक हलकं होतं, वळत नाही आणि ब्रेकही धरत नाही. हात ताठ झाले की पुढचा धक्का थेट खांद्यात जातो. त्याऐवजी खाली वाका आणि सायकल तुमच्याखाली पुढेमागे हलू द्या.

सीट खाली घ्या. ड्रॉपर, म्हणजे बटणावर खालीवर होणारा सीटचा दांडा, असेल तर बटण दाबायचं, नसेल तर क्लॅम्प सैल करून हाताने. वर बसलेल्या सीटवर वरचं काहीच नीट करता येत नाही.

मग ब्रेक. पुढच्या ब्रेकला घाबरू नका, थांबवायचं बहुतेक काम तोच करतो. एक दगड खूण म्हणून ठेवा आणि त्याच्यापाशी चाक न घसरता थांबायचा सराव करा: हळूहळू दाब वाढवत, कंबर खाली आणि थोडी मागे नेत. शेवटी दोघांत स्लो सायकलिंगची शर्यत लावा, पाय न टेकता जो मागे राहील तो जिंकला. यात हसायला येतं, पण चढावरच्या तोलाचा याहून चांगला सराव मला माहीत नाही.

५. चढ

चढावर कच्च्या माणसाने पुढे राहावं. वेग त्याचा असू दे. तगडा माणूस पुढे गेला की मागचा त्याला गाठायच्या नादात दम घालवतो आणि पहिल्या दगडी पायरीशी पोहोचतो तेव्हा त्याच्यात काही उरलेलं नसतं.

गिअर चढ लागायच्या आधी हलका करा. दाब देताना बदललात तर चेन कटकटते, कधी तुटते. पण सगळ्यात हलका गिअरही नको. पाय भुर्रकन फिरतात, मागचं चाक घसरतं आणि सायकल जागच्या जागी डुलते. त्याच्या एक-दोन पायऱ्या वरचा घ्या. सीटच्या टोकावर सरका, छाती खाली, कोपरं खाली ओढलेली. मागच्या चाकाला पकड हवी म्हणून बसून राहायचं आणि पुढचं चाक उठू नये म्हणून पुढे झुकायचं, अशी ती दुहेरी कसरत आहे.

दगडी पायरी आली की तिच्या आधी अर्धा फेरा हलके मारा आणि पुढचं चाक पायरीपाशी पोहोचताना एकच जोरदार पाय द्या. पुढचं चाक वर चढलं की लगेच छाती पुढे, म्हणजे मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि तेही मागोमाग येतं. दगडांच्या मधून जाताना पेडल खाली असताना आपटतं. तिथे पूर्ण फेरे न मारता पेडल वरच्या बाजूला अर्धवट पुढे-मागे करत सरका.

मध्येच थांबलात तर थेट वर तोंड करून पुन्हा निघता येत नाही. सायकल वाटेला तिरकी लावा, सीट खाली, डोंगराकडचा पाय जमिनीवर, दुसरं पेडल वर, दोन्ही ब्रेक धरलेले. जोर द्या आणि त्याच क्षणी ब्रेक सोडा. दोनदा जमलं नाही तर ढकलत वर न्या. चढावर सायकल ढकलण्यात कमीपणा काही नाही, सगळेच ढकलतात.

६. उतार

नजर. नवखा माणूस पुढच्या चाकाखाली बघतो, त्यामुळे प्रत्येक दगड अचानक येतो. आठ-दहा मीटर पुढे बघा, वळणावर वळणाच्या शेवटाकडे. ज्याला टाळायचं त्या दगडाकडे बघत राहिलात तर चाक नेमकं तिकडेच जातं. हेच मित्राच्या मागच्या चाकाबद्दलही खरं आहे: त्याच्या चाकावर डोळे रोवून गेलात तर त्याची चूक तुमचीही होते.

ब्रेक अडथळ्याच्या आधी दाबा आणि अडथळ्यावर सोडा. फिरणारं चाक दगडावरून चढून जातं, अडवलेलं चाक तिथेच रुततं. घसरणारं चाक वळतही नाही. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, म्हणून वेग कमी करायचा तो मोकळ्या, पकड असलेल्या जागी. सगळा उतार ब्रेक ओढत उतरण्याची खोड मात्र मोडावी लागते. १९७६ पासून कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायस परिसरात जुन्या जड सायकलींवर उताराच्या शर्यती सुरू झाल्या, तेव्हा पायाने मागे दाबायच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस तापून अक्षरशः जळायचं आणि खाली आल्यावर हब उघडून पुन्हा भरावं लागायचं. आजचे हायड्रॉलिक ब्रेक कितीतरी सुधारलेत, तरी तापले की लीव्हर मऊ पडतो आणि जळका वास येतो. तसं झालं तर थांबा, निवू द्या. डिस्कला बोट लावू नका आणि तिच्यावर पाणी ओतू नका.

मुळं शक्यतो काटकोनात ओलांडा. ओल्या मुळावर तीन गोष्टी करायच्या नाहीत: ब्रेक, वळण, पेडल. घसाऱ्यावर सायकल पायांखाली थोडी सरकणारच, तिला सरकू द्या. हँडल आवळून धरलंत की मग खरी पडायची वेळ येते. पुढचा ब्रेक हलका, मागचा थोडा जास्त, आणि वळायचं ते घसारा संपल्यावर.

उलटं फिरणारं वळण बाहेरच्या कडेने घ्या. वेग आधीच चालण्याइतका झालेला असावा. आतलं पेडल वर, मान वळवून हनुवटी बाहेर पडायच्या वाटेकडे, आणि पुढचं चाक वळणाच्या टोकाशी आल्यावरच सायकल कलवा. आतली वाट जवळची वाटते, पण तिथेच उतार सगळ्यात तीव्र असतो.

पायरी खाली उतरताना एकच तपासा: पुढच्या चाकाला खाली उतार मिळतोय की सपाट जमीन? उतार असेल तर हळू, हात सैल ठेवून चाक लोळवत नेता येतं. भिंतीसारखी उंच पायरी आणि खाली सपाट, असं असेल तर उडी मारावी लागते. ती आज नाही, उतरून चाला.

एका बाजूला खोल दरी असलेल्या आडव्या वाटेवर डोंगराकडचं पेडल वर ठेवा म्हणजे ते कडेला आपटणार नाही. टेकायची वेळ आली तर डोंगराकडचाच पाय टेका. तुकडा तांत्रिकदृष्ट्या सोपा असला तरी पडल्यास कुठे जाऊ, याचं उत्तर वाईट असेल तर चालत जा. चालताना सायकल दरीच्या बाजूला आणि तुम्ही डोंगराच्या.

७. एक तुकडा, सावकाश

समजा उतारावर एक गुडघाभर दगडी पायरी आहे. डावीकडे तिरकं ओलं मूळ, उजवीकडे सुटी खडी, आणि चार मीटर खाली वाट डावीकडे वळते. आल्या आल्या त्यात शिरू नका.

सायकली वाटेबाहेर ठेवा. आधी खाली उतरून वर बघा. पायरीची खरी उंची खालूनच कळते. मग मागून पुढे विचार करा. वळण डावीकडचं, म्हणजे वळणाआधी उजव्या कडेला असायला हवं. म्हणजे पायरीवरून सरळ उतरून खडीवर ब्रेक न लावता उजवीकडे जायचं आणि खडी संपते तिथे वेग कमी करायचा. मग डावीकडचं मूळ आपोआप बाद. पायरीच्या तोंडाशी नेमकं कुठून शिरायचं त्यासाठी एक खूण ठरवा, एखादा पांढरा दगड किंवा गवताचा झुपका. सायकलवरून तो दिसतो ना, हे वाकून सायकलच्या उंचीवरून बघा. उभ्याने बघितलेली लाइन आणि सायकलवरून दिसणारी लाइन यांत बराच फरक पडतो.

आता एकाने जायचं. दुसऱ्याने वळणाच्या आतल्या बाजूला, सायकल सुटली तर अंगावर येणार नाही अशा जागी उभं राहायचं. पडणाऱ्याला झेलायला जाऊ नका; पंधरा किलोची सायकल आणि माणूस एकदम अंगावर आला तर जखमी दोघं होतात. तुमचं काम बघण्याचं. मोबाइलवर चित्रण करता आलं तर छानच.

"येऊ का?"
"थांब, खालून माणसं येतायत... हां, ये आता."

खाली आल्यावर "भारी!" म्हणून उपयोग नाही. काय दिसलं ते सांगा: "पायरीवर तुझे हात ताठ झाले", "खडीवर मागचा ब्रेक धरलास", "नजर शेवटपर्यंत खालीच होती". एका वेळी एकच गोष्ट. मग पुन्हा वर चालत जायचं आणि तीच एक गोष्ट बदलून परत उतरायचं. चार-पाच वेळा असं केलं की जे कळतं ते अख्खी वाट एकदा धडपडत उतरून कळत नाही. सायकल ढकलत वर नेण्याचा कंटाळा हाच यातला मोठा अडसर. लोक अवघड तुकडा कसाबसा पार करतात, हुश्श करतात आणि पुढे जातात. मग पुढच्या खेपेला तो तुकडा तितकाच अवघड असतो.

एखाद्याला एखादा तुकडा नकोच वाटला तर चर्चा नाही. "काही होत नाही रे" हे वाक्य दोघांनीही घरी ठेवून यावं.

८. अंतर आणि बोलणं

उतारावर दोघांत निदान तीन-चार सेकंदांचं अंतर ठेवा, धूळ उडत असेल तर धूळ बसेपर्यंत. उलट्या वळणांच्या उतारावर वरच्याच्या चाकाने सुटलेला दगड खालच्याच्या अंगावर येतो, म्हणून खालचा वळणाबाहेर निघाल्याशिवाय वरच्याने निघू नये. दगड सुटलाच तर एकच शब्द, जोरात: "दगड!"

वाट माहीत असलेल्याने उतारावर पुढे राहावं आणि प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक अवघड तुकड्यानंतर थांबावं. मागचा नजरेला पडेपर्यंत हलायचं नाही. थांबायचं ते वाट सोडून, आणि पायरीच्या बरोबर खाली तर कधीच नाही.

आता एक तक्रार, जी बहुतेक नवखे मनात ठेवतात. पुढचा पाच मिनिटं बसून ताजातवाना झालेला असतो. मागचा धापा टाकत पोहोचतो, आणि हा उठून म्हणतो, "चला!" म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. साधा नियम करा: निघायचं ते मागून आलेल्याने "चल" म्हटल्यावर.

वाटेत इतर माणसं भेटतील. चालणाऱ्यांना आणि चढून येणाऱ्या सायकलींना वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं. घोडा किंवा गुरं दिसली तर सायकलवरून उतरा, आवाज द्या आणि खालच्या बाजूला उभे राहा. मागे अजून एक जण येतोय, हे समोरच्याला सांगायला विसरू नका.

९. कोणी पडलं तर

पडलेल्याला लगेच उचलू नका. आधी वरून कोणी येत असेल तर त्याला थांबवा, सायकल बाजूला करा, मग बोला. मान दुखतेय का, हातापायाला मुंग्या येतायत का, बोटं हलतायत का? मान दुखत असेल किंवा बधिरपणा असेल तर आहे तसं पडू द्या आणि मदत बोलवा. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक बऱ्याच देशांत चालतो. जिथे जाताय तिथला क्रमांक आधी बघून ठेवा आणि वाटेत नेटवर्क कुठे मिळतं तेही लक्षात ठेवत जा.

डोक्याला मार लागला असेल तर गडबडीत फसायला होतं, कारण माणूस उठून "मी ठीक आहे" म्हणतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, तेच तेच विचारणं, कसं पडलो ते न आठवणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याची राइड तिथे संपली. उरलेली वाट सोपी असली तरी चालत खाली यायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. उलट्या होऊ लागल्या, झोप अनावर झाली किंवा बोलणं अडखळायला लागलं तर लगेच मदत बोलवा. आपटलेलं हेल्मेट बदलायचं, वरून तडा दिसत नसला तरी. आतला फोम एकदाच दबतो.

पुढे ताणलेल्या हातावर पडल्याने खांद्यापाशी हासळीचं हाड (कॉलरबोन) मोडणं या खेळात नेहमीचं आहे. हात त्रिकोणी कापडाने गळ्यात बांधा आणि चालत खाली या. साधं खरचटलं असेल तर स्वच्छ पाण्याने माती धुऊन काढा आणि झाका. किरकोळ पडण्यानंतरही दहा मिनिटं बसा. सायकल तपासायला तेवढा वेळ लागतोच: हँडल सरळ आहे का, ब्रेक लीव्हर फिरलाय का, डिरेलर आत वाकलाय का. वाकलेल्या डिरेलरने सगळ्यात हलक्या गिअरवर जाऊ नका. तो स्पोकमध्ये अडकून तुटतो.

पडायचं प्रमाण दमल्यावर वाढतं. सोप्या जागी पाय टेकायला लागलात, हातांना गोळे येऊ लागले, सोबती बोलेनासा झाला, की उरलेले अवघड तुकडे चालून उतरा.

१०. परत आल्यावर

चिखल ओला असतानाच साध्या पाण्याने धुवा. जोराची धार हब, हेडसेट आणि पेडलच्या मधल्या बेअरिंगवर मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं. चेन फडक्याने कोरडी करून प्रत्येक कडीवर थेंबभर तेल द्या आणि वरचं तेल पुसून टाका. तेल ब्रेक डिस्कला लागू देऊ नका. टायरच्या कडेला चिरा पडल्यात का, रिमला पोचे आलेत का, ते चाक फिरवत बघा. पोचा सापडला तर पुढच्या वेळी मागे दोन पीएसआय वाढवा. पिशवीतून वापरलेली ट्यूब, प्लग, लिंक लगेच परत भरून ठेवा. आणि दोघांपैकी कोणाला कुठला तुकडा जमला नाही ते मोबाइलवर एका ओळीत टिपून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी सायकली वाटेबाहेर कुठे लावायच्या ते ठरलेलं असेल.